मढच्या मुलांना १२० तासांची जागा द्या

हे आवाहन अंधेरी, वर्सोवा, मालाड, गोरेगाव, कांदिवली या पट्ट्यात ज्यांचे ऑफिस, दुकान, दवाखाना, वर्कशॉप किंवा स्टुडिओ आहे अशा प्रत्येकासाठी आहे. मालाड पश्चिमेच्या टोकाला असलेल्या मढ, भाटी, एरंगळ, आक्सा या किनाऱ्यावरच्या गावांतून कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना कामाचा पहिला अनुभव घेण्यासाठी जागा हवी आहे. कायमची नोकरी ती मागत नाहीत. बसायला एक खुर्ची आणि शिकवायला एक माणूस, एवढेच त्यांचे मागणे आहे. ही मुले तुमच्या दारात आली तर वॉचमनकडूनच त्यांना परत पाठवू नका, आणि आली नाहीत तर तुम्ही त्यांना बोलवा. वेळ थोडा उरला आहे.

वेळ थोडा का, ते आधी सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचे. महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांनी ते आधी स्वीकारले आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला ते २०२४-२५ पासून लागू झाले. त्या वर्षी एफवायला बसलेली मुले २०२६-२७ मध्ये टीवायला असतील. राज्याच्या आराखड्यात सहाव्या सत्रासाठी ऑन जॉब ट्रेनिंग आहे. मुले त्याला ‘ओजेटी’ म्हणतात. ते चार क्रेडिटचे आहे आणि एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. पूर्वी इंटर्नशिप म्हटले की इंजिनिअरिंगची किंवा मॅनेजमेंटची मुले डोळ्यांसमोर यायची. आता साधे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या मुलालाही प्रत्यक्ष कामावर जायचे आहे आणि त्याचे गुण मार्कशीटवर लागणार आहेत. मुंबई विद्यापीठाच्या शेकडो महाविद्यालयांतली मुले एकाच सुमारास जागा शोधायला बाहेर पडतील.

अशा वेळी जागा कोणाला मिळते? ज्याचा काका सीएच्या फर्ममध्ये आहे त्याला. जिच्या बाबांचा मित्र बँकेत मॅनेजर आहे तिला. ज्यांच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर जाहिरात एजन्सीचे मालक राहतात त्यांना. मूल हुशार आहे की नाही याचा त्याच्याशी फार थोडा संबंध असतो. एक फोन जातो आणि काम होते. मढच्या मुलाचा काका बोटीवर तांडेल असतो, मामा बर्फाच्या टेम्पोवर असतो आणि आई पहाटेच म्हावऱ्याची पाटी घेऊन बाजाराला गेलेली असते. ही माणसे आपल्या धंद्यात पक्की आहेत. कोणत्या भरतीला जाळे कुठे लावायचे हे त्यांना कोणी शिकवायला नको. पण पोराला ऑफिसात बसवण्यासाठी ज्याला फोन लावावा असे एकही नाव त्यांच्या मोबाइलमध्ये नसते.

‘कोळ्याच्या पोराला घरचा धंदा आहे, त्याला काय काळजी,’ असे अजूनही म्हणणारे भेटतात. त्यांनी एकदा किनाऱ्यावरच्या माणसांशी बोलावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन २.०१ लाख टनांवर उतरले. त्याआधीच्या ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्यानंतर मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले आणि किनाऱ्याला नांगरून ठेवलेल्या बोटीसुद्धा फुटल्या. डिझेल महाग, जाळी महाग, खलाशांना आगाऊ उचल द्यावी लागते ती वेगळी. बापच पोराला सांगतो, शीक आणि बाहेर पड. बाहेर पडायचे म्हणजे नेमके कुठे, हे मात्र त्या बापाला सांगता येत नाही.

सहावे सत्र साधारण डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत येते. मढ-भाटीच्या घरांत हाच सर्वांत जास्त कामाचा काळ असतो. डोल जाळ्यांत बोंबील, जवळा, करंदी येत असते. वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. ऊन चांगले असते तोवर सुकटीचे काम उरकायचे असते, आणि त्या कामात घरच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीचे दोन हात धरलेले असतात. उलट १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, घरी उसंत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत इंटर्नशिप चौथ्या सत्रानंतर करण्याची कल्पना आहे. चौथे सत्र संपते तेव्हा उन्हाळा असतो आणि बंदी तोंडावर आलेली असते. म्हणून महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे की किनाऱ्यावरच्या मुलांना हे तास मे ते जुलै या काळात पूर्ण करू द्यावेत आणि ते सहाव्या सत्राला धरावेत. नियमांत जेवढी मोकळीक आहे तेवढी पुरती वापरावी. ही सवलत दिली नाही तर काय होईल ते मला दिसते आहे. मुलगी घरचे काम सोडू शकणार नाही आणि कुठून तरी कागद आणून देईल.

त्या कागदाविषयी स्पष्ट बोलायला हवे. एक दिवसही कामावर न जाता, पैसे भरून, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र देणारी दुकाने आज ऑनलाइन बाजारात उघडी आहेत. सुंदर लोगो, सही, शिक्का, सगळे मिळते. ओळख नसलेले आणि घाबरलेले मूल हेच त्यांचे गिऱ्हाईक. त्याशिवाय ‘मर्चंट नेव्हीत लावतो’ म्हणून लाखो रुपये घेणारे एजंट किनारपट्टीच्या गावांना नवे नाहीत. मुलांना आणि पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की कामावर घेण्यासाठी जो पैसे मागतो तो काम देणारा नाही. जहाजावर जायचे असेल तर संस्था आणि एजंट दोन्ही नौवहन महासंचालनालयाच्या मान्यतेचे आहेत का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. दाखवणाऱ्याच्या मोबाइलवर बघू नका.

मी बरीच वर्षे कॉलेजात शिकवले. निवृत्तीनंतर मुले बायोडेटा दाखवायला येतात. भाटीकडची एक मुलगी आली होती, बी.कॉम.ची. बायोडेट्यात नाव, पत्ता, गुण, छंद वाचन, आणि ‘अनुभव’ या शब्दापुढे ‘नाही’ असे लिहिलेले. मी विचारले, घरी काय करतेस? तेव्हा हळूहळू बाहेर आले. आईच्या सुक्या मासळीच्या धंद्याचा हिशेब तीच ठेवते. कोणत्या व्यापाऱ्याची किती उधारी, कोणाचे पैसे यूपीआयने आले, कोणाचे रोख, बर्फाला किती गेले, टेम्पोच्या भाड्यात कोणाचा किती वाटा, हे सारे तिच्या वहीत होते. बाजारात भाव पडला तर माल थांबवायचा की काढायचा, यावर आई तिचे मत घेते. खेळते भांडवल आणि उधारीची वसुली या विषयांवर तिच्या वर्गातल्या किती मुलांना तिच्याइतके बोलता आले असते? आणि ही मुलगी लिहिते, अनुभव नाही. कारण जे ऑफिसात बसून केले जात नाही त्यालाही अनुभव म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. बायोडेटा नव्याने लिहायला आम्हा दोघांना एक दुपार लागली. ती दुपार तुमच्यापैकी कोणीही देऊ शकतो. मुलांना मार्गदर्शन हवे म्हणतात ते बहुतेक वेळा एवढेच असते, कोणीतरी नीट बसून विचारणे.

दुसरी अडचण भाषेची. महापालिकेच्या किंवा मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेले मूल कॉलेजात इंग्रजी नोट्स पाठ करून पास होते, पण मुलाखतीत ‘स्वतःविषयी सांगा’ एवढा साधा प्रश्न इंग्रजीत आला की घशाला कोरड पडते. त्याच मुलाला मराठीत विचारा, तो बोटीच्या इंजिनापासून ते मच्छीमार सोसायटीच्या डिझेल कोट्यापर्यंत तासभर बोलेल. जागा देणाऱ्यांनी पहिल्या दिवशी तरी मुलाशी त्याच्या भाषेत बोलावे. इंग्रजी वीस दिवसांत येणार नाही, पण वीस दिवस कामाच्या जागी कानावर पडले तर भीती नक्की कमी होते.

प्रवासही लक्षात घ्या. मढ मुंबईतच आहे, तरी मालाड स्टेशनला यायला २७१ नंबरची बस आणि मार्वे रोडची वाहतूक पार करावी लागते. वर्सोव्याला यायचे तर मढ जेट्टीवरून फेरीबोट, मग रिक्षा किंवा बस, पुढे मेट्रो. खाडी पार करायला काही मिनिटे लागतात, पण पावसाळ्यात बोटीचा भरवसा धरता येत नाही, आणि रस्त्याने वळसा घालून यायचे तर वीसेक किलोमीटर पडतात. मढ-वर्सोवा पूल महापालिकेने योजला आहे. तो होईल तेव्हा होईल. ही तुकडी त्याआधी पास होऊन गेलेली असेल. म्हणून जागा देताना सकाळी नऊच्या ठोक्याचा आग्रह धरू नका आणि जाण्यायेण्याचे व दुपारच्या जेवणाचे पैसे तरी द्या. फुकट राबवणे आणि शिकवणे यांत फरक आहे. ज्या घरात रोजच्या भाड्याचा हिशेब होतो, तिथले मूल पदरचे पैसे घालून महिनाभर तुमच्याकडे येऊ शकत नाही.

सरकारी योजना आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. २१ ते २४ वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत बारा महिने, महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदा ६,००० रुपये. दोन्ही चांगल्या योजना आहेत आणि शिक्षण संपलेल्या मुलांनी त्यांची माहिती घेऊन अर्ज करायलाच हवा. पण दोन्हींत अट अशी की उमेदवाराचे नियमित शिक्षण चालू नसावे. म्हणजे आज कॉलेजात बसलेल्या, ओजेटी सक्तीचे असलेल्या मुलाला यांतली एकही उपयोगाची नाही. ती जागा समाजानेच भरायची आहे.

आणि काही ठिकाणी तर कायद्यानेच भरायची आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ सालचा. ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे काम करतात तिला एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कमाल मर्यादा १५ टक्के आहे. मरोळची एमआयडीसी, १९७३ पासूनचे सीप्झ, मालाडचे माइंडस्पेस, गोरेगावची लिंक रोडवरची ऑफिसे, यांतल्या किती जणांना हे लागू पडते ते त्यांच्या एचआर विभागाला चांगले ठाऊक आहे. पदवीधरांच्या शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणारे पश्चिम विभागाचे मंडळ आपल्या शीवलाच आहे, आणि ठरवून दिलेल्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते. शिकाऊ उमेदवारी आणि कॉलेजची ओजेटी या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे खरे. पण ज्या कंपनीने आज वीस दिवसांसाठी मढच्या मुलाला आत घेतले, तीच उद्या पदवीनंतर त्याला वर्षभरासाठी शिकाऊ उमेदवार म्हणून घेऊ शकते. एचआरमध्ये बसलेल्या मराठी माणसांना माझी विनंती आहे की यंदाच्या यादीत मालाड पश्चिमेच्या टोकाकडची दोन नावे असतील असे बघा.

मार्गदर्शन नसल्यामुळे डोळ्यांसमोरची गोष्टही कशी दिसत नाही, याचे एक उदाहरण मला फार लागते. वर्सोव्याला यारी रोडलगत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली, भारतीय कृषी संशोधन परिषदेची, अभिमत विद्यापीठाचा दर्जा असलेली. देशभरातून मुले तिथे मत्स्यविज्ञानात एम.एफ.एस्सी. आणि पीएच.डी. करायला येतात. मढ जेट्टीवरून बोटीने पलीकडे उतरले की रिक्षाच्या अंतरावर ती आहे. आणि मढमधल्या अनेक मुलांना तिथे काय शिकवतात हे ठाऊक नसते, तिथवर पोचायची पायरी कोणती हे तर नसतेच. ती पायरी म्हणजे बी.एफ.एस्सी., मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी. बारावी सायन्सनंतर एमएचटी-सीईटी देऊन प्रवेश मिळतो. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये नागपूरला आणि उदगीरला आहेत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या उदगीरला मत्स्यविज्ञान शिकवले जाते आणि मढचे मूल अकरावीला सगळे घेतात म्हणून कॉमर्स घेते. कॉमर्स घेण्यात कमीपणा नाही, पण निवड करायची संधी तरी त्याला मिळायला हवी होती. दहावीला, अकरावीला कोणी सांगितले असते तर. म्हणून कॉलेजच्या मुलांबरोबर आठवी-नववीच्या मुलांशीही बोलणे आताच सुरू करायला हवे. माझगाव डॉकच्या शिकाऊ उमेदवारीत काही गट आठवी आणि दहावी पास मुलांसाठी असतात, वेल्डर, रिगर, फिटर, इलेक्ट्रिशियन. बोटीचे इंजिन उघडून जोडणाऱ्या मढच्या मुलाला यापेक्षा ओळखीचे काम दुसरे कोणते? जाहिरात कधी येते, कागद कोणते लागतात, ऑनलाइन फॉर्ममध्ये कुठे चुकते, एवढे सांगणारा माणूस हवा.

वर्सोव्याच्या संस्थेतल्या प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना माझे आवाहन आहे. महिन्यातला एक रविवार खाडी ओलांडून या. मढच्या मुलांना प्रयोगशाळा दाखवा, सुकटीतली आर्द्रता कशी मोजतात, शीतसाखळी म्हणजे काय, मासळीचे पॅकिंग आणि निर्यातीचे निकष कोणते, ते त्यांच्यासमोर करून दाखवा. ही मुले तुम्हाला समुद्राविषयी दोन गोष्टी शिकवतील.

आता शूटिंगच्या बंगल्यांविषयी. मढला वर्षानुवर्षे हिंदी आणि मराठी मालिकांची, सिनेमांची चित्रीकरणे चालतात. गावातली पोरे तिथे सामान उचलतात, गर्दीत उभी राहतात, चहा पोचवतात, संध्याकाळी रोख पैसे घेऊन घरी येतात. कॉलेज बुडते ते तिथेच, कारण सातशे-आठशे रुपये हातात पडल्यावर लेक्चरची ओढ राहत नाही. मी त्या मुलांना दोष देत नाही. पण निर्मात्यांना, कार्यकारी निर्मात्यांना, प्रॉडक्शन मॅनेजरना विचारतो. ज्या गावाचा रस्ता, किनारा, पार्श्वभूमी तुम्ही वापरता त्या गावाच्या मुलांना सेटवर फक्त ओझीच का उचलायला लावता? त्याच सेटवर कॅमेरा असतो, ध्वनिमुद्रण असते, कला विभाग, वेशभूषा, प्रॉडक्शनचा जमाखर्च, पुढे एडिटिंग असते. मास मीडियाचे, कॉमर्सचे मूल यांतल्या एका विभागात १२० तास बसू शकते. त्याला लेखी पत्र द्या, एका माणसाच्या हाताखाली द्या, आणि काम संपल्यावर त्याने काय केले ते प्रमाणपत्रात लिहा. मढमध्ये येणाऱ्या प्रत्येक मोठ्या मालिकेने दोन मुले घेतली तरी गावाचे चित्र बदलेल.

काही लोकांना वाटते की आपले एवढेसे दुकान, आपण काय शिकवणार. त्यांनी असे मुळीच समजू नये. औषधाच्या दुकानात साठ्याची नोंद, एक्स्पायरीची तपासणी आणि जीएसटीचे बिल असते. वकिलाच्या चेंबरमध्ये फाइल लावणे, तारखांची डायरी, कोर्टात अर्ज कसा दाखल होतो ते असते. दंतवैद्याच्या दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी, निर्जंतुकीकरण आणि माणसांशी बोलणे असते. छापखाना, सहकारी पतपेढी, ट्रॅव्हल एजन्सी, मोटारीचे गॅरेज, अशा कुठल्याही ठिकाणी वीस दिवसांत मुलाला वेळ पाळणे, विचारणे, चुकले तर सांगणे आणि काम पुरे करणे हे कळते. कॉलेजातल्या तीन वर्षांत ते कळत नाही. फक्त एक पथ्य पाळा. झेरॉक्स काढणे आणि चहा आणणे यांतच त्याचे १२० तास घालवू नका.

गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थांनाही विनंती आहे. तुमच्याकडे हिशेब असतात, डिझेलच्या परताव्याचे कागद असतात, बर्फाचा साठा, सभासदांच्या नोंदी, ऑडिट असते. आपल्याच गावच्या बी.कॉम.च्या मुलीला तिथे बसवा. तिला बोट किंवा बस पकडावी लागणार नाही आणि संस्थेच्या नोंदी संगणकावर येतील. कॉलेजांनी अशा संस्थांतले काम ओजेटी म्हणून मान्य करावे. काचेच्या इमारतीतले तेवढेच काम खरे, हा समज सोडायला हवा.

मुलींच्या आईवडिलांना थोडे वेगळे सांगायचे आहे. मुलीला एकटीला वर्सोव्याला, अंधेरीला पाठवायची तुमची काळजी मला समजते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. पहिल्या दिवशी मुलीबरोबर जा, ती जागा बघा, समितीत कोण आहे ते विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्या मालकाकडे मुलीला ठेवू नका. पण काळजीपोटी तिला घरी बसवू नका. आईने पाटी डोक्यावर घेऊन लोकलच्या गर्दीतून धंदा केला, घर उभे केले. लेकीला एका ऑफिसपर्यंत जाऊ द्या.

महाराष्ट्रात विद्यार्थ्याचा भार समाजाने वाटून घेण्याची रीत जुनी आहे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणा एकावर ओझे पडत नसे आणि मूल शिकून बाहेर पडत असे. पण हेही तितकेच खरे की ती दारे प्रामुख्याने आपापल्या जातीपुरती उघडी असत. त्या पंगतीत कोळ्याच्या पोराला पान नव्हते. ही कोंडी राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात उभारलेल्या वसतिगृहांनी फोडायला सुरुवात केली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील आणि कष्ट करून शिकतील अशी सोय केली. १९५५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने खेड्यांतून आलेल्या हजारो मुलांना आसरा दिला. आजच्या मुलाचा प्रश्न जेवणाच्या वारापाशी थांबत नाही, त्याला कामाचा वार हवा आहे. इंटर्नशिपच्या जागा आज पुन्हा ओळखीपाळखीच्या वर्तुळातच फिरत आहेत, आणि ते वर्तुळ बऱ्याचदा जातीचे आणि वस्तीचेच असते. ते मोडण्याची ही वेळ आहे.

मढ-भाटी-एरंगळमधून शिकून बाहेर पडलेल्या आणि आज बँकेत, महापालिकेत, विमा कंपनीत, जहाजावर, हॉटेलात, परदेशात काम करणाऱ्या सर्वांना सगळ्यात आधी सांगायला हवे होते, ते शेवटी सांगतो. तुमच्याइतके उपयोगी या कामात दुसरे कोणी नाही. तुम्ही नारळी पौर्णिमेला, एरंगळच्या चर्चच्या सणाला गावी येता. येताना एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवा. तुमची पहिली मुलाखत कशी झाली, पहिला पगार किती होता, कुठे अडलात, फॉर्म कुठून भरला, ते सांगा. आपल्याच आळीतला माणूस तिथे पोचला आहे हे मुलाला दिसले की निम्मी भीती जाते. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या ऑफिसात एका मुलाची जागा मागून घ्या. ओळखीनेच जागा मिळत असेल, तर गावाची ओळख तुम्ही व्हा.

मुलांनो, तुम्हीही वाट बघत बसू नका. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये आजच जाऊन नाव द्या, कागदावर घेतले का ते बघा. मराठीत एका पानावर स्वतःची माहिती लिहा, घरच्या धंद्यात जे जे करता ते सगळे त्यात लिहा, मग कोणाकडून तरी त्याचे इंग्रजी नीट करून घ्या. विकतचे प्रमाणपत्र घेऊ नका. मुलाखतीत कोणी त्यातला एक प्रश्न विचारला की ते उघडे पडते आणि तुमच्या खऱ्या गुणांवरही संशय येतो.

जागा देऊ इच्छिणाऱ्यांनी करायचे काम अगदी छोटे आहे. मालाड, गोरेगाव, कांदिवली, अंधेरी इथल्या तुमच्या जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एक पत्र लिहा. किती मुले घेऊ शकता, काम काय असेल, कोणत्या महिन्यांत, जाण्यायेण्याचे किती देता आणि मुलाला शिकवणारी व्यक्ती कोण, एवढे त्यात असू द्या. आणि मढ, भाटी, एरंगळ, आक्सा इथून येणाऱ्या मुलांना प्राधान्य द्यावे, अशी एक ओळ त्यात आवर्जून घाला. महाविद्यालये पुढच्या याद्या आता तयार करू लागतील. तुमचे पत्र या आठवड्यात पाठवा.